परदेशप्रवासासाठी लसीकरणाचा पुरावा: फोनमध्ये काय चालतं, कागदावर काय लागतं

कोविडच्या काळात लसीचं प्रमाणपत्र मोबाइलमध्ये ठेवायची सवय लागली आणि तिथूनच एक समजूत पक्की झाली, की लसीचा पुरावा म्हणजे फोनमधली एक पीडीएफ. ज्या कोविड प्रमाणपत्रासाठी २०२१ मध्ये आपण धावाधाव केली, ते आता बहुतेक देशांच्या सीमेवर कुणी मागत नाही. उलट जे आजही मागतात आणि नसलं तर माणसाला सहा दिवस अडकवून ठेवू शकतात, ते पीतज्वराचं (यलो फीव्हरचं) पिवळं कार्ड आपल्याकडे कागदी पुस्तिकेच्या रूपात मिळतं. मधल्या मध्ये परदेशी शिकायला जाणारी मुलं आहेत. त्यांना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लहानपणापासूनच्या लसींचा हिशेब चढवावा लागतो.

म्हणून हा लेख कोविन, पिवळं कार्ड आणि विद्यापीठाचा फॉर्म अशा तिन्ही वाटांनी नेणार आहे. तिन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते: लस घेतलेली असते, पण कागदावरचं नाव, तारीख किंवा क्रमांक पासपोर्टशी जुळत नाही. काउंटरवरच्या माणसाला तुमच्या दंडावरची सुई दिसत नसते, त्याला फक्त नोंद दिसते. तेव्हा सगळी मेहनत नोंदीवर घ्यायची.

पहिली पायरी: तिकीट काढण्याआधी पूर्ण मार्ग लिहून काढा

कुठली लस लागेल हे फक्त तुम्ही कुठे चाललात यावर ठरत नाही. कुठून आलात, वाटेत कुठल्या विमानतळावर किती तास थांबलात आणि परत कुठे येणार आहात, हे सगळं धरलं जातं. केनियाचं उदाहरण घ्या. मुंबईहून थेट नैरोबीला जाणाऱ्या प्रवाशाकडे केनिया पीतज्वराचं कार्ड मागेलच असं नाही, कारण भारतात हा आजार नाही. पण मसाई मारा बघून मुंबईत उतरताना भारत ते मागतो, कारण केनिया भारताच्या पीतज्वर-प्रवण देशांच्या यादीत आहे. आणि केनियाहून पुढे झांझिबार करायचं ठरलं, तर टांझानियासुद्धा मागतो. एकाच सहलीत जाताना प्रश्न नाही, मधे आहे आणि परतताना तर आहेच. टूर कंपनीने ‘व्हिसाला लस लागत नाही’ असं सांगितलं तर ते खरंही असू शकतं, पण परतीच्या रांगेत त्याचा काही उपयोग नाही.

घाना आणि युगांडा हे देश मात्र कुठूनही येणाऱ्या प्रवाशाकडे कार्ड मागतात. दक्षिण आफ्रिकेत स्वतः आजार नाही, तरी पीतज्वराच्या देशातून आलेल्यांकडे आणि अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलेल्यांकडे ते कार्ड बघतात. दक्षिण अमेरिकेतले ब्राझील, पेरू, अर्जेंटिना, कोलंबिया हे देशही भारताच्या यादीत आहेत.

हे तपासायचं कुठे? देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ, भारताच्या आरोग्य मंत्रालयाची यादी आणि तुमची विमानकंपनी, या तिन्ही ठिकाणी. विमानकंपनीचं मत विशेष महत्त्वाचं. चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात बघून प्रवाशाला चढवायचं की नाही ते ठरवतात. त्यात तुमच्या मार्गासाठी अट दिसली, तर तुम्ही मोबाइलवर कुठलीही बातमी दाखवा, बोर्डिंग पास मिळणार नाही. म्हणून कंपनीला ईमेलने विचारा, मार्ग आणि तारखा सविस्तर लिहा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

कोविडपुरतं इथेच सांगून टाकतो. कॅनडाने १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि अमेरिकेने १२ मे २०२३ पासून परदेशी विमानप्रवाशांची कोविड लसीची अट काढली. परदेशातून येणाऱ्यांनी भरायचा एअर सुविधा हा आरोग्याचा फॉर्म भारताने फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केला. युरोपीय संघाची कोविड प्रमाणपत्राची व्यवस्था ३० जून २०२३ ला संपली. तरीही कोविनचं प्रमाणपत्र फेकून देऊ नका. परदेशात नर्सिंग, वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्यांकडून रुग्णालयं ते मागू शकतात.

दुसरी पायरी: पासपोर्ट समोर ठेवा आणि नाव जुळवा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि बहुतेक घोळ इथेच होतात, म्हणून जरा थांबून बघू.

मराठी माणसाचं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर बहुधा पहिल्या दोन पदांची जागा एक आणि आडनावाची वेगळी. आधारवर तिन्ही एका ओळीत. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कार्डावर फक्त पाळण्यातलं नाव आणि आडनाव, कधी ‘बेबी ऑफ’ असं लिहून पुढे आईचं नाव. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. अक्षय कुठे ‘एक्स’ने लिहिलेला, कुठे ‘केएसएच’ने. आडनावाच्या शेवटी कुठे एक ‘ई’, कुठे ‘ए’. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची लहानपणची लस माहेरच्या नावावर, कोविडची सासरच्या नावावर आणि पासपोर्ट तिसऱ्याच मिश्रणात, हे तर घरोघरी आहे.

कागद घेऊन बसा. पासपोर्टवर जसं आहे तसं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक वर लिहा. खाली लसीच्या प्रत्येक कागदावर काय आहे ते लिहा. फरक डोळ्यांसमोर येतात. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर शक्य तिथे नोंदच दुरुस्त करून घ्या. माहेर-सासरचा फरक असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत लसीच्या कागदांसोबत ठेवा. बाळाच्या कार्डावर नावच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत नवीन दाखला घ्या आणि त्यात जन्मतारीख व पासपोर्टवरचं पूर्ण नाव येऊ द्या.

तारखांचंही तसंच. आपण ५/८ लिहितो तेव्हा पाच ऑगस्ट म्हणतो, अमेरिकेतला माणूस ते आठ मे वाचतो. दोन डोसांमधलं अंतर मोजताना हा फरक जिवावर येतो. जिथे आपल्या हातात आहे तिथे महिना अक्षरात लिहून घ्या.

पासपोर्टचं नूतनीकरण प्रवासाच्या आसपास येत असेल, तर आधी पासपोर्ट आणि मग लसीचे कागद असा क्रम ठेवा. नवीन पासपोर्टचा क्रमांक वेगळा असतो. कागद आधीच जुन्या क्रमांकावर निघाले असतील तर घाबरायचं कारण नाही. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो, तो दाखवता येतो. रद्द केलेली जुनी पुस्तिका सोबत ठेवली तर उत्तमच.

तिसरी पायरी: कोविनवरून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र

कोविनवर दोन प्रकारची प्रमाणपत्रं असतात हे आजही अनेकांना ठाऊक नसतं. साध्या प्रमाणपत्रावर वय किंवा जन्मवर्ष असतं आणि ओळखपत्र म्हणून बहुधा आधारचे शेवटचे आकडे. परदेशातल्या अधिकाऱ्याला त्यावरून हा कागद समोरच्याच माणसाचा आहे हे ठरवता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने कोविशील्ड मान्य केली, पण भारतीय प्रमाणपत्र मान्य केलं नाही, त्यामुळे लस घेतलेल्या भारतीयांनाही तिथे विलगीकरण राहिलं. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसंच विलगीकरण लावलं आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने अट सैल केली. त्याच सुमारास कोविनवर पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असलेलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्याला धरून केलेलं वेगळं प्रमाणपत्र आलं. परदेशासाठी तेच काढायचं.

लस घेताना दिलेल्या मोबाइल क्रमांकाने कोविन डॉट गव्ह डॉट इन वर शिरा. ओटीपी आला की त्या क्रमांकावर नोंदलेली घरातली सगळी माणसं दिसतात. आधी ‘रेझ ॲन इश्यू’ मध्ये जाऊन पासपोर्टची माहिती जोडायचा पर्याय निवडा, त्या व्यक्तीचं नाव निवडा आणि क्रमांक भरा. इथे घाई करू नका. दुरुस्तीची संधी मोजकीच असते, त्यामुळे ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांची गल्लत नाही ना हे दोन माणसांनी बघावं: एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर पडताळायचं. नावातली चूकही याच ठिकाणी दुरुस्त होते. मग आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या प्रमाणपत्राचं बटण दाबा, जन्मतारीख भरा आणि पीडीएफ उतरवून घ्या.

तो जुना मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर त्याच विभागात सदस्याला नव्या क्रमांकावर हलवायची सोय आहे. आई-वडिलांची नोंद शेजारच्या कुणाच्या किंवा भाच्याच्या मोबाइलवर झाली असण्याची शक्यता धरा. गावाकडे असं सर्रास झालं. आधी त्या क्रमांकाचा मालक शोधा, मग हलवा.

त्या कागदावरच्या क्यूआर कोडमध्ये काय असतं हे समजून घेतलं तर पुढच्या चुका टळतात. त्यात तुमच्या नोंदीसोबत देणाऱ्याची डिजिटल सही असते. तपासणारा कोड वाचतो आणि सही खरी आहे का, मजकुरात कुणी हात घातला आहे का, हे बघतो. कोविनच्या व्हेरिफाय पानावर हे तुम्ही स्वतःही करून बघू शकता, आणि प्रवासाआधी एकदा जरूर बघा. पीडीएफवर छापलेलं नाव एखाद्याने बदललं तरी कोडमधलं बदलत नाही. म्हणूनच स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरून दाबून बारीक झालेलं चित्र किंवा झेरॉक्सची झेरॉक्स यांवर भिस्त ठेवू नका. कोड वाचताच आला नाही तर तो कागद नुसता कागद राहतो. मूळ पीडीएफ ठेवा, आणि छापताना कोड पुसट किंवा कापलेला येत नाही ना ते पाहा.

याच कारणाने प्रमाणपत्राचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये. त्या छोट्या चौकोनात तुमचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक एकत्र बसलेले असतात.

चौथी पायरी: पीतज्वराचं पिवळं कार्ड

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा. कारण इथे चुकलं तर सहल संपल्यावर घराच्या दारात अडकायची वेळ येते.

पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यू तोच देतो. आजाराचा विषाणू मात्र भारतात नाही, आणि तो येऊ नये म्हणून नियम इतका कडक आहे. पीतज्वराच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याकडे वैध कार्ड लागतं. नसेल तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरण. नऊ महिन्यांखालच्या बाळांना सूट आहे, त्याहून मोठ्या मुलांना नाही. अशा देशात फक्त विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही, तर सवलत मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे आरोग्य अधिकारी ठरवतो.

लस कुठे घ्यायची? फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रात. घराजवळच्या दवाखान्यात टोचलेली लस कितीही खरी असली तरी त्या कागदाला सीमेवर किंमत नाही. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगावची बंदर आरोग्य संघटना ही नावं परिचित आहेत. गोव्यातल्या आणि कोकणातल्या दर्यावर्दी कुटुंबांना ही केंद्रं पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत, कारण जहाजावर चढणाऱ्याच्या कागदांत हे पिवळं पुस्तक असतंच. मान्यताप्राप्त केंद्रांची चालू यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा आणि जाण्याआधी फोन करून वार विचारा. लसीची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून अनेक केंद्रं ठरावीक वारीच माणसं बोलावतात. नोंदणी आधी करावी लागते आणि सुट्ट्यांच्या मोसमात तारीख पटकन मिळत नाही.

आता दिवस मोजा. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून कार्ड वैध होतं. त्याआधी उतरलात तर कार्ड हातात असून नसल्यासारखं. केंद्रात तारीख मिळायला लागणारा वेळ धरून निघण्याच्या किमान एक महिना आधी हालचाल करा. दिवाळीच्या सुट्टीत केनिया करायचा असेल तर गणपती उठले की लगेच नोंदणी केलेली बरी.

ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून केंद्रावर आजार आणि औषधं लपवू नका. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गर्भारपण, साठीपुढचं वय यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर किंवा कांजिण्यांची लसही जिवंतच असते. दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी, नाहीतर चार आठवडे सोडून. हे गणित विद्यार्थ्यांना हमखास नडतं.

लस देणं धोक्याचं असेल तर डॉक्टर तसं कारणासहित लिहून देऊ शकतात. हे पत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हवं. पण पत्र म्हणजे लस नव्हे. उतरण्याच्या ठिकाणचा आरोग्य अधिकारी ते विचारात घेतो आणि निर्णय त्याचा असतो. साठीपुढच्या आई-वडिलांना केवळ हौसेखातर पीतज्वराच्या देशात न्यायचं असेल, तर डॉक्टरांनी नको म्हटल्यावर सहल बदलावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आफ्रिकेतले प्राणी बघायला दक्षिण आफ्रिका आहे, वाटेत पीतज्वराचा देश लागत नसेल तर तिथे हा प्रश्न येत नाही.

केंद्रातून बाहेर पडण्याआधी कार्ड हातात घेऊन तिथेच उभं राहून वाचा. वरच्या भागात नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि तुमची सही. सही करायला लोक विसरतात. लहान मुलाच्या कार्डावर पालकाने सही करायची, आणि प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं. आईच्या कार्डात मुलाचं नाव घालून चालत नाही. खालच्या तक्त्यात लसीचं नाव, तारीख, लस देणाऱ्याची सही आणि पद, उत्पादक आणि बॅच क्रमांक, वैधता कधीपासून कधीपर्यंत, आणि केंद्राचा अधिकृत शिक्का. तारखेत महिना अक्षरात लिहिलेला हवा. खाडाखोड, पांढरी शाई, मोकळी राहिलेली जागा यांपैकी एकाही कारणाने कार्ड बाद होऊ शकतं. अक्षर चुकलं असेल तर गिरवून घेऊ नका, नवीन कार्ड मागा. ती तुमची गरज आहे, संकोच नको.

वैधतेबद्दल एक चांगली गोष्ट. पूर्वी हे कार्ड दहा वर्षं चालायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध आहे, आणि त्याआधी दिलेल्या जुन्या कार्डांनाही हे लागू होतं, त्यावर दहा वर्षांची तारीख छापलेली असली तरी. पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. कुणी अधिकारी जुनी तारीख दाखवून अडवू लागला, तर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचं परिशिष्ट सात हा आधार आहे. त्याची एक छापील प्रत कार्डात घडी करून ठेवा.

आणि डिजिटल? जागतिक आरोग्य सभेने १ जून २०२४ ला आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बदल मंजूर केले आणि ते १९ सप्टेंबर २०२५ ला लागू झाले. आता असे आरोग्य दाखले डिजिटल स्वरूपातही देता येतात. त्याआधी, जुलै २०२३ पासून, युरोपच्या कोविड प्रमाणपत्राची तांत्रिक चौकट पुढे नेऊन जागतिक आरोग्य संघटनेने देशादेशांतली पडताळणी जोडणारं जाळं उभं करायला घेतलं. त्यात लोकांची आरोग्याची माहिती संघटनेकडे जात नाही, सही तपासायच्या चाव्या तेवढ्या देशांमध्ये वाटल्या जातात. वाट योग्य आहे. पण नियमाने परवानगी मिळणं आणि प्रत्येक विमानतळावरच्या टेबलावर कोड वाचायचं यंत्र असणं, यात बरंच अंतर आहे. तोवर पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबतच ठेवा. फोनमधला तिचा फोटो आठवणीसाठी आणि हरवली तर कामाला येईल, पण पुस्तिकेच्या जागी तो चालेल असं धरू नका.

पाचवी पायरी: शिकायला जाणाऱ्यांचा फॉर्म

अमेरिकेत प्रवेश मिळाला की काही आठवड्यांत विद्यापीठाच्या आरोग्य विभागाकडून ईमेल येतो: लसींची माहिती भरा, कागद चढवा, नाहीतर विषयनोंदणी थांबेल. अट राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक वेगळी असते. एमएमआर जवळपास सगळीकडे, मग मेंदूज्वर (मेनिन्जायटिस), धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, कांजिण्या, कावीळ ब, आणि क्षयाची तपासणी.

आपल्या मुलांची गाडी अडते ती एमएमआरवर, आणि कारण आपल्या वेळापत्रकातच आहे. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, कारण इथे गोवर लहान वयात गाठतो. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस धरतच नाहीत. शिवाय सरकारी कार्यक्रमात आधी फक्त गोवराची आणि २०१७ पासून गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंड त्यात नाही. म्हणून कार्डावर दोन डोस दिसत असूनही फॉर्म परत येतो, आणि आई-वडिलांना वाटतं कार्डच नाकारलं. एक वर्षानंतरचे, किमान २८ दिवसांच्या अंतराने घेतलेले एमएमआरचे दोन डोस शोधा. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पंधराव्या महिन्यात आणि पुन्हा चार ते सहा वर्षांत दिलेले असतील, तर काम झालं.

नसतील किंवा कार्डच पानशेतच्या पुरात गेल्यासारखं कुठे वाहून गेलं असेल, तर दोन वाटा. रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी करून अहवाल चढवायचा, गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्ही वेगवेगळे. किंवा सरळ दोन डोस पुन्हा घ्यायचे. दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. तपासणीत एखादा आकडा काठावर आला तर शेवटी लस घ्यावीच लागते आणि मधले दिवस वाया जातात. मात्र दोन डोसांमध्ये २८ दिवस जातात, म्हणून प्रवेशपत्र आलं की लगेच पहिला डोस. व्हिसाच्या मुलाखतीची वाट बघत बसू नका.

क्षयाच्या तपासणीतही असंच आहे. लहानपणी बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी नसलेला संसर्ग असल्यासारखी दाखवू शकते. आयजीआरए ही रक्ताची चाचणी बीसीजीने फसत नाही. विद्यापीठ मान्य करत असेल तर तीच करा. काही विद्यापीठांना ती त्यांच्याच देशात केलेली हवी असते, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा.

फॉर्म भरताना डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, दवाखान्याचा शिक्का आणि प्रत्येक डोसची पूर्ण तारीख हवी. मराठीतलं किंवा माता-बाल संरक्षण कार्डासारखं दोन भाषांतलं कार्ड असेल तर त्याचं इंग्रजी रूप डॉक्टरांच्या लेटरहेडवर घ्या आणि मूळ कार्डाचं स्कॅन त्यामागे जोडा. फोनने काढलेल्या तिरक्या फोटोपेक्षा स्कॅनिंग ॲपने काढलेली एकच पीडीएफ चढवा. फाइलच्या नावात विद्यार्थ्याचं नाव आणि ओळख क्रमांक असू द्या. जिथे तारखा स्वतः टंकायच्या असतात, तिथे महिना आधी येतो हे विसरू नका. चढवलेल्या तारखा आणि कागदावरच्या तारखा जुळल्या नाहीत तर फॉर्म परत येतोच.

घरात आता लहान मूल असेल, तर यू-विन या सरकारी व्यवस्थेत त्याच्या लसी नोंदवल्या जात आहेत ना, हे आरोग्यसेविकेला किंवा दवाखान्यात विचारा. त्यातून क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र मिळतं. अठरा वर्षांनी पिवळी पडलेली कार्डं शोधण्यापेक्षा आज दहा मिनिटं घालवलेली बरी.

हज, उमरा आणि स्थलांतर, थोडक्यात

सौदी अरेबियाला हज किंवा उमरासाठी मेंदूज्वराची चौपदरी लस, म्हणजे ए, सी, वाय आणि डब्ल्यू प्रकारांवरची, लागते आणि ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. कॉन्जुगेट प्रकारची लस पाच वर्षं धरतात, पॉलिसॅकराइड प्रकारची तीन. प्रमाणपत्रावर प्रकार लिहिलेला नसेल तर तीनच वर्षं मोजली जातात, म्हणून डॉक्टरांकडून तो लिहून घ्या. हज समितीमार्फत जाणाऱ्यांसाठी लसीकरण शिबिरं होतात. उमराला खासगी टूरने जाणाऱ्यांनी मात्र स्वतःच जबाबदारी घ्यायची. पोलिओच्या अटी देशांनुसार बदलत राहतात. तुम्ही आफ्रिकेत किंवा पश्चिम आशियात राहत असाल आणि भारतात येत असाल, तर निघण्याच्या चार आठवडे आधी पोलिओचा डोस घ्यायला वेळ राहील अशा बेताने तुमच्या देशासाठीची अट तपासा.

अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी फक्त नेमलेल्या डॉक्टरांकडे होते. तिथे जुनी सगळी लसकार्डं घेऊन जा. दाखवलेल्या प्रत्येक डोसमागे एक नवीन सुई आणि तिचे पैसे वाचतात. कोविड लसीची अट तिथून २०२५ मध्ये निघाली आहे.

सहावी पायरी: फाइल कशी बांधायची

प्रत्येक माणसाची एक पीडीएफ करा: पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, पिवळ्या कार्डाची दोन्ही पानं, कोविनचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, बाकी लसींचे दाखले, नावातल्या फरकाचा पुरावा, विमानकंपनीचा ईमेल. ती फोनमध्ये अशी ठेवा की इंटरनेट नसताना उघडेल. विमानतळावरच्या वायफायला कित्येकदा भारतीय क्रमांकावर ओटीपी लागतो आणि तो परदेशात येतोच असं नाही. डिजिलॉकरचंही तसंच, आत शिरायलाच ओटीपी मागतो, म्हणून तिथली प्रमाणपत्रं आधीच उतरवून घ्या. एक प्रत स्वतःला ईमेल करा, एक घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या. छापील संच हातातल्या बॅगेत. मूळ पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नका, कारण आरोग्य तपासणी सामान मिळण्याआधी होते.

आई-वडील एकटे प्रवास करणार असतील तर त्यांना फोनवर फाइल उघडायला लावून बघा. आपण शेजारी बसून दाखवलेलं आणि त्यांनी स्वतः शोधलेलं यात फरक असतो. त्यांच्या पर्समध्ये कागदच द्या आणि कोणता कागद कुठे दाखवायचा ते त्यावर मराठीत पेन्सिलीने लिहा. पिवळ्या कार्डावर मात्र काहीही लिहू नका.

अडवलं तर

चेक-इनला अडवलं तर वाद न घालता विचारा, की टिमॅटिकमध्ये माझ्या मार्गासाठी नेमकी काय अट दिसते. ओळ वाचून दाखवा म्हणा, आणि तुमच्याकडचा कंपनीचा ईमेल पुढे करा. गरज पडली तर पर्यवेक्षकाला बोलवा. भारतात उतरताना पीतज्वराचा प्रश्न आला, तर निर्णय इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचा नसून विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. त्यांनाच भेटायची विनंती करा आणि कार्ड, तिकिटं व पासपोर्टवरचे शिक्के तारखेच्या क्रमाने दाखवा. पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवस होऊन गेले असतील, तर हे शिक्केच तुमचा पुरावा. म्हणून दुबईत आठवडाभर थांबून परतणाऱ्यांनी मधल्या देशाचे बोर्डिंग पास फेकू नयेत.

पैसे घेऊन लस न देता कार्ड देणारे एजंट भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. बॅच क्रमांक आणि केंद्राची नोंद तपासली जाऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट, पीतज्वर जीव घेणारा आजार आहे आणि त्यावर नेमकं औषध नाही. ही लस आधी तुमच्यासाठी आहे, मग टेबलापलीकडच्या माणसासाठी.

कार्ड हरवलं तर ज्या केंद्रात लस घेतली त्याच केंद्राकडे दुसऱ्या प्रतीसाठी जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न तारखेचा येतो, दुसरा नोंदणी क्रमांकाचा. त्या दिवशी तुमच्या ईमेलमध्ये पडून राहिलेलं दोन्ही पानांचं स्पष्ट स्कॅन उपयोगी येतं. परत आल्यावर पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच राहू द्या, आणि पासपोर्ट बदलला की जुनी रद्द पुस्तिकाही त्याच्याच सोबत ठेवा, कारण कार्डावर क्रमांक तिचाच आहे.